पहारेकऱ्याची समजूत

दरवर्षी १३ डिसेंबरला ख्रिस्तसभा संत लुसियाचा सण साजरा करते. सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरातील ही कुमारिका चौथ्या शतकाच्या आरंभी, सम्राट डायोक्लिशियनच्या छळात हुतात्मा झाली. तिच्या नावाचे मूळ 'प्रकाश' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, आणि म्हणूनच की काय, श्रद्धावंतांनी डोळ्यांची रखवाली तिच्याकडे सोपविली. चित्रकारांनी तिच्या हाती तबक दिले व त्यात दोन डोळे ठेवले. आमच्या वसईच्या वाड्यांतून डोळ्यात कुसळ गेले, रांजणवाडी झाली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की जुन्या बायका आजही तिचेच नाव घेतात.

डोळ्यांच्या दुखण्यांत एक दुखणे मात्र असे आहे, की त्याचे नावही आपल्या घरांतून फारसे ऐकू येत नाही. युव्हायटिस हे ते दुखणे. गेली काही वर्षे ते माझ्या सोबतीला आहे. त्याच्याविषयी जे थोडेफार कळले, आणि त्याच्या निमित्ताने जे विचार मनात आले, ते वाचकांपुढे ठेवावेत असे बरेच दिवस मनात होते.

२०१३ सालचा उपवासकाळ. मार्चचा दुसरा आठवडा. सकाळी उठलो तो उजवा डोळा लाल झालेला आणि आत खोलवर ठणका. खिडकी उघडली तर उजेड सुईसारखा टोचू लागला. सक्रिस्तान म्हणाला, "फादर, डोळे आलेत. गुलाबपाणी घाला, दोन दिवसांत उतरेल." दुसऱ्या एकाने औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटलीही आणून दिली. पण आमच्या दवाखान्यात सेवा करणाऱ्या वयस्कर सिस्टरांनी डोळ्याकडे पाहिले आणि ती बाटली माझ्या हातून काढून घेतली. "फादर, चिपडं नाहीत, खाज नाही, पाणी आहे पण चिकट नाही. लाली बुबुळाच्या कडेला दाटलीय आणि उजेड सोसत नाही. हे डोळे येणं नव्हे. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला." सिस्टरांच्या बोलण्यापुढे आमच्या धर्मग्रामात कुणाचे चालत नाही, माझेही चालले नाही. दुपारच्या गाडीने मी मुंबईत होतो.

द्राक्षाचे नाव

डॉक्टरांनी हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली आणि डोळ्यात प्रकाशाची बारीक तिरीप सोडली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "फादर, सकाळी चर्चच्या खिडकीतून उन्हाचा कवडसा येतो, त्यात धूळ तरंगताना दिसते ना? तुमच्या डोळ्यातल्या पाण्यात तशाच पांढऱ्या पेशी तरंगताहेत. त्या तिथं असायला नकोत."

डोळ्याच्या पांढऱ्या कवचाखाली एक गडद रंगाचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर असतो. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग. त्यामागे भिंगाला आधार देणारे स्नायूंचे कडे असते, आणि अगदी मागे दृष्टिपटलाचे पोषण करणारे अस्तर. जुन्या वैद्यांनी वरचे कवच सोलून पाहिले तेव्हा त्यांना तो थर साल काढलेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसला. लॅटिनमध्ये 'उवा' म्हणजे द्राक्ष. त्यावरून त्या थराला 'युव्हिया' आणि त्याच्या दाहाला 'युव्हायटिस' असे नाव पडले. सेमिनरीत शिकलेले थोडेसे लॅटिन असे एका दवाखान्यात उपयोगी पडेल याची कल्पना नव्हती. ज्या फळाचा रस मी रोज वेदीवर उंचावतो, त्याचेच नाव माझ्या आजाराला होते.

दाह पुढच्या भागात असेल तर डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसत नाही. मागच्या भागात असेल तर पुष्कळदा दुखत नाही. डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, धुके येते, दृष्टी मंदावते. दोन्हींकडे दुर्लक्ष झाले तर परिणाम एकच. रंगीत पडदा भिंगाला चिकटतो, मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, दृष्टिपटलाला सूज येते. यातून गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही.

मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, ज्याचा डोळ्याशी काही संबंध असेल असे मला वाटले नाही. "पहाटे उठताना कंबर आखडते का? हालचाल सुरू केली की मोकळी होते?" कंबर पंचविशीपासून आखडत होती. सेमिनरीच्या थंड फरशीवर गुडघे टेकण्याचे ते फळ, असे आम्ही सगळेच हसण्यावारी नेत असू. डॉक्टरांनी कंबरेचे क्ष-किरण चित्र आणि रक्ताची एक तपासणी सांगितली. रक्तातील एचएलए-बी२७ नावाची खूण सापडली. मणक्यांचा एक संधिवात आणि डोळ्याचा हा दाह, दोन्हींचे या खुणेशी नाते आहे, हे १९७३ साली संशोधकांनी दाखवून दिले होते. ती खूण असलेल्या बहुतेकांना आयुष्यात काहीच होत नाही. ज्यांना होते, त्यांची कंबर आणि डोळा एकाच सुरात दुखतात.

क्षयाचीही तपासणी झाली. आपल्या देशात क्षयाचे जंतू डोळ्यात असाच दाह निर्माण करू शकतात. गरमीसारखे इतर संसर्गही करतात. त्यांचा उपचार निराळा. म्हणून डोळ्याचे डॉक्टर छातीचे चित्र का काढायला सांगतात, असे कुणी विचारले तर त्याचे उत्तर हे आहे. माझ्या बाबतीत जंतू सापडला नाही. शत्रू बाहेरून आलेलाच नव्हता.

पहारेकरी आणि घरधनी

परमेश्वराने शरीराला एक पहारा दिला आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी दिवसरात्र गस्त घालतात, आपले कोण व परके कोण हे ओळखतात आणि परक्याला हाकलतात. परंतु डोळ्यासारख्या नाजूक ठिकाणी या पहारेकऱ्यांना सहजासहजी आत येऊ दिले जात नाही. तेथे चकमक झाली तर जंतू मरेलही, पण डोळाही जाईल. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९४८ साली सशांवर प्रयोग करून दाखविले, की दुसऱ्या सशाची त्वचा शरीरावर लावली तर शरीर ती टाकून देते; पण तिचा तुकडा डोळ्याच्या पुढच्या पोकळीत ठेवला आणि त्यात रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत, तर तो तेथे सुखाने राहतो. जणू डोळा हे शरीरातील पवित्रस्थान आहे आणि शस्त्रे दाराबाहेर ठेवण्याचा तेथला नियम आहे.

युव्हायटिसमध्ये हा नियम मोडतो. पहारेकरी आत घुसतात आणि घरधन्यावरच काठी उगारतात. ते असे का करतात, याची सगळी कारणे अजून उलगडलेली नाहीत. पुष्कळ रुग्णांत तर कारण सापडतच नाही.

ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल यांची कथा आपण शाळेत ऐकली आहे. १८१२ साली फ्रान्समधील कूव्रे गावी, वडिलांच्या कातडी कामाच्या दुकानात खेळताना तीन वर्षांच्या लुईच्या एका डोळ्यात अणकुचीदार हत्यार घुसले. इजा एका डोळ्याला झाली, पण पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या डोळ्याला कुणी हात लावला नव्हता. मग तो का गेला? नेत्रतज्ज्ञांचा कयास असा, की जखमी डोळ्यातील आजवर झाकलेली द्रव्ये पहारेकऱ्यांच्या दृष्टीस पडली, ती त्यांना परकी वाटली आणि मग त्यांनी धडधाकट डोळ्यातही तीच द्रव्ये शोधून काढली. हाही युव्हायटिसचाच एक प्रकार. त्या काळी त्यावर औषध नव्हते. औषध नव्हते, पण गावात एक धर्मगुरू होते. फादर पाल्युई त्यांचे नाव. त्यांनी त्या अंध मुलाला जवळ घेतले, शिकविले, आणि पुढे तो १८१९ साली पॅरिसच्या अंधशाळेत गेला. १८२९ साली त्याची ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध झाली. धर्मगुरू म्हणून मला या कथेतील दुसरा माणूस अधिक जवळचा वाटतो. उपाय हाती नसतानाही करण्यासारखे काहीतरी उरते, हे त्यांना ठाऊक होते.

राखेखालचा निखारा

आज उपाय आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टर या रोगात टायफॉइडची लस टोचून मुद्दाम ताप आणवीत. तापाने दाह उतरेल ही आशा. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्याच अवधीत ही औषधे डोळ्यांसाठीही वापरात आली. स्टेरॉइड म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ती हीच.

मला स्टेरॉइडचे थेंब दर तासाला घालायचे होते, तेही बाटली चांगली हलवून, कारण औषध तळाशी बसते. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब, म्हणजे पडदा भिंगाला चिकटू नये आणि ठणकाही कमी व्हावा. वेदीसेवक मुलांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या. घड्याळात तास झाला की कुणीतरी "फादर, थेंब!" म्हणून दारात उभा. त्याच आठवड्यात नव्या पोपमहोदयांची निवड झाली. वर्तमानपत्रातील पोप फ्रान्सिस यांचे हसरे छायाचित्र मी काळ्या चष्म्यातून पाहिले, पण खालचा मजकूर सिस्टरांनी वाचून दाखविला. ओळी एकमेकींवर चढत होत्या. पास्काच्या रात्री काळोख्या चर्चमध्ये मेणबत्ती पेटली तेव्हा मात्र मला तिच्या ज्योतीकडे सरळ पाहता आले. टोचले नाही. त्या रात्रीचे प्रवचन मी जे लिहिले होते, त्याहून कितीतरी लहान झाले.

डोळा पांढरा झाला. थेंब थांबवावेत असे कुणालाही वाटेल. डॉक्टर म्हणाले, "लाली गेली, आजार नाही गेला. वर राख दिसते, खाली निखारा आहे." तासाचे दोन तास झाले, मग दिवसातून सहा वेळा, चार, तीन, दोन, एक. असे दीड-दोन महिने. एकदम थांबविले तर आग पुन्हा भडकते. उलट मनानेच वर्षानुवर्षे घालत राहिले तर तेच थेंब मोतीबिंदू आणि काचबिंदू देतात. दुकानातून आणलेली उरलीसुरली बाटली म्हणूनच धोक्याची. जंतूंचा आजार असताना तीच बाटली जंतूंना मोकळे रान देते. स्टेरॉइडच्या गोळ्यांचेही तसेच. त्या साखर वाढवितात, हाडे ठिसूळ करतात, आणि फार दिवस घेतल्यावर अचानक सोडल्या तर जीवावर बेतू शकते. मात्रा वाढवायची ती डॉक्टरांनी, उतरवायची तीही डॉक्टरांनीच.

पुढील दीड वर्षात दाह चार वेळा उलटला, कधी या डोळ्यात, कधी त्या. थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू लागला. तेव्हा पहारेकऱ्यांना मुळापासून शांत करणाऱ्या औषधांचा विचार सुरू झाला. पहिले मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध. एकदाच, हे दोनदा लिहितो, कारण ते चुकून रोज घेतल्याने प्राणावर बेतलेले आहे. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी आणि ठरलेल्या काळाने यकृताची व रक्ताची तपासणी. हे औषध जुने आणि स्वस्त आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील डॉ. रत्नम व देशोदेशींच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २१६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मायकोफेनोलेट हे दुसरे औषध मेथोट्रेक्सेटपेक्षा सरस नाही, असे त्यात आढळले. गरीब कुटुंबाला ही लहान बातमी नव्हे. ज्या डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांनिशी ते रुग्णालय उभारले, त्यांची बोटे तरुणपणीच संधिवाताने वाकडी झाली होती. पहारेकऱ्याचा मार त्यांनीही खाल्ला होता, आणि त्याच बोटांनी शस्त्र धरायला शिकून त्यांनी असंख्यांना दृष्टी दिली.

मला मेथोट्रेक्सेटने अर्धाच आराम पडला. मग डॉक्टरांनी अडालिमुमॅबचे इंजेक्शन सुचविले, दर दोन आठवड्यांनी एक. पहारेकरी एकमेकांना ज्या निरोपाने चिथावतात, तो निरोपच हे औषध वाटेत अडविते. २०१४ सालापासून ते भारतातही तयार होऊ लागले आणि किंमत उतरली, तरी सामान्य घराला ते जडच. माझ्यापुढचा प्रश्न मात्र पैशाचा नव्हता. या औषधाने शरीरात निद्रिस्त असलेला क्षय जागा होऊ शकतो आणि नवाही लवकर जडतो. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, त्या निर्दोष निघाल्या, आणि मग ते म्हणाले, "फादर, थुंकीत जंतू असलेल्या रुग्णाच्या बंद खोलीत तुम्ही जायचं नाही."

त्या वेळी आमच्या धर्मग्रामात एक तरुण क्षयाने आजारी होता. दर शुक्रवारी मी त्याला पवित्र ख्रिस्तप्रसाद देत असे. ज्या धर्मगुरूला रोग्याच्या उशाशी बसायचे नाही, तो धर्मगुरू कसला, हा विचार मला कित्येक रात्री झोपू देत नव्हता. आंधळे होण्याचे भय आणि कर्तव्यापासून ढळण्याचे भय, यांत कोणते मोठे ते ठरत नव्हते. शेवटी मी इंजेक्शन घेतले आणि सहायक फादरांना त्याच्याकडे पाठविले. त्या तरुणाचे औषध लागू पडून त्याची थुंकी निर्दोष झाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी गेलो. आम्ही ओट्यावर, वाऱ्यात बसलो. तो म्हणाला, "फादर, तुम्ही का येत नाही ते छोट्या फादरांनी सांगितलं. मी तुमच्या डोळ्यांसाठी रोज रोझरी म्हणायचो." अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन व हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले, असे निर्गमच्या ग्रंथात वाचतो. हात धरू देणे हाही सेवेचाच भाग आहे, हे मी त्या ओट्यावर शिकलो.

शौलाचे उदाहरण

हा रोग समजून घेताना मला वारंवार तार्ससचा शौल आठवतो. तोही एक पहारेकरीच होता. धर्माच्या रक्षणासाठी पेटलेला, आणि त्या आवेशात आपल्याच माणसांना परके समजून छळणारा. दमास्कसच्या वाटेवर प्रभूने त्याला नष्ट केले नाही. त्याला थांबविले, तीन दिवस काळोखात बसविले, आणि हनन्याला पाठविले. ज्याला भ्यायचे त्यालाच हनन्याने बंधू म्हणून हाक मारली, त्याच्यावर हात ठेवले, आणि त्याची दृष्टी परत आली. पुढे तोच आवेश ख्रिस्तसभेच्या कामी आला. माझ्या शरीरातील पहारेकऱ्यांनाही मारून टाकायचे नाही. उद्या न्यूमोनिया झाला तर मला तेच हवे आहेत. त्यांची समजूत काढायची आहे. ती एका दिवसात निघत नाही आणि एकदा निघाली म्हणून कायमची टिकत नाही. घरातील भांडणांचेही असेच असते, हे धर्मग्रामातील कुटुंबांना मी वेगळे सांगायला नको. आवाज थांबला म्हणजे समेट झाला असे नव्हे.

एक गोष्ट आयाबापांना मुद्दाम सांगायची आहे. मुलांमध्ये हा रोग कधी कधी अगदी मूक असतो. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी होती. तिचा गुडघा सुजे. लहान मुलांचा संधिवात असे निदान झाले होते. बालरोगतज्ज्ञांनी डोळे तपासून घ्या म्हटले, तेव्हा तिची आई माझ्याकडे आली. "फादर, हिचे डोळे तर दुधासारखे स्वच्छ आहेत. दुखत नाहीत, लाल होत नाहीत. उगाच मुंबईची खेप कशाला?" तिचे म्हणणे कुणालाही पटावे असेच होते. पण या संधिवाताच्या मुलांत डोळा पांढराशुभ्र राहतो आणि आत दाह धुमसत असतो; मूल तक्रार करीत नाही, कारण धूसर दिसणे हेच त्याला दिसणे वाटते. अशा मुलांचे डोळे यंत्राखाली नियमाने, बहुधा दर तीन महिन्यांनी, तपासावे लागतात. मी माझी औषधांची पिशवी त्या माउलीपुढे रिती केली आणि सगळे सांगितले. त्या दोघी गेल्या. डाव्या डोळ्यात दाह निघाला. बाहुलीची एक कड भिंगाला चिकटू लागली होती. आणखी वर्ष गेले असते तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आईने विचारले नाही.

ती मुलगी आता मुलांच्या मिस्सात पहिले वाचन करते. तिच्या गोळीचा वार रविवार आहे. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेले असते, आणि त्यावर सणांच्या तारखांबरोबर दर तीन महिन्यांच्या एका तारखेभोवती लाल शाईने गोल काढलेला असतो.